'देवमाणूस'चा शेवट ओळखणं एवढं अवघड का गेलं?

ऑगस्ट 2020 मध्ये झी मराठीवर 'देवमाणूस' सुरू झाली. खुनी कोण, हे प्रेक्षकांना आधीपासूनच माहिती होतं. त्यामुळे चर्चा एकाच प्रश्नावर यायची : हा डॉक्टर सापडणार कधी?

अंदाज बांधायला आधारही होता. मालिकेमागे 2016 मध्ये वाईजवळच्या धोममध्ये उघडकीस आलेलं हत्याकांड होतं. पोलिसांनी संतोष पोळला अटक करून सहा खुनांचा आरोप ठेवला होता. कडेगावकडच्या प्रेक्षकांसाठी तर ही शेजारच्याच जिल्ह्यातली बातमी. खऱ्यात पकडला गेला, म्हणजे मालिकेतही कायमचा अडकणार, असं वाटणं साहजिक होतं.

पण मालिका खऱ्या घटनेतून फक्त बीज घेते. पात्रं, नाती, वळणं लेखक रचतो. त्यात खलनायकच लोकप्रिय असेल, तर त्याला संपवून पुढचा सीझन कुणावर करायचा? ऑगस्ट 2021 मध्ये पहिलं पर्व संपलं आणि डिसेंबरमध्ये 'देवमाणूस 2' हजर झाली. 2025 मध्ये 'मधला अध्याय'ही आला. तिन्हींत किरण गायकवाडच.

म्हणजे अंदाज लावताना धोमची केस नाही, तर वाहिनीचं गणित बघायला हवं होतं.

अंदाज चुकला तर काही बिघडत नाही. मात्र मालिकेतला प्रसंग 'खरी घटना' म्हणून फॉरवर्ड झाला, की बिघडतं. मालिकेचा शेवट लेखक ठरवतो, खटल्याचा निकाल पुराव्यांवर लागतो. आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांच्यासाठी ही गोष्ट शेवटच्या एपिसोडला संपत नाही.