रोही मोजले कोणी?

रात्री नऊनंतर मूर्तिजापूरकडून बाइकने अकोल्याला किंवा बडनेऱ्याला निघालात, तर मागे बसलेला मित्र एक वाक्य हमखास बोलतो, "हळू घे बे, रोही आडवा येईल." याच अमरावती-अकोला हायवेवर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरची लेन पाच दिवसांच्या आत डांबरून गिनीज रेकॉर्ड झाला होता. रस्ता झक्कास आहे, स्पीड आपोआप वाढतो. आणि दोनशे किलोचं जनावर नाल्यातून उडी मारून रस्त्यावर यायला दोन सेकंद पुरतात.

ही झाली रस्त्याची गोष्ट. वावरातली याहून मोठी आहे. तुमच्या वर्गात जो पोरगा पहिल्या लेक्चरला डुलक्या घेतो, तो दरवेळी रील्स बघत जागलेला असतोच असं नाही. हरभरा घाट्यावर आला की मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, नांदगाव खंडेश्वर या भागांतल्या कितीतरी घरांत कोणीतरी एक जण जागलीला जातो. बॅटरी, काठी, फटाके, पत्र्याचा डबा. रोही एका रात्रीत जेवढं खातात त्यापेक्षा जास्त तुडवतात. सकाळी बाप काही बोलत नाही, फक्त धुऱ्यावर उभा राहतो. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना "प्राण्यांवर प्रेम करा" हे पोस्टर दाखवून उपयोग नाही. आणि ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना "ठोका साऱ्यांना" म्हणणं फार सोपं जातं.

आधी प्राण्याची ओळख. पुस्तकात 'नीलगाय' लिहिलं असलं तरी आपल्याकडे कोणी तसं म्हणत नाही. तो गाय नाहीच. तो हरणांच्या कुरंग गटातला, भारतातला सगळ्यात मोठा, आणि त्याचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे चौशिंगा, जो आपल्या काटेपूर्णा अभयारण्यात आहे. नर निळसर-करडा, मादी भुरकट. लांबून पाहिलं तर पुढून उंच, मागून उतरती पाठ, थेट घोड्यासारखी. बिहारात त्याला 'घोडपरास' म्हणतात, ते उगाच नाही.

दाट जंगल त्याला फारसं आवडत नाही. त्याला हवी झुडपं, मोकळं माळरान, नाल्याचा आडोसा आणि जवळ पीक. म्हणजे बरोबर आपला वऱ्हाड. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले नाले, वेडी बाभूळ माजलेल्या पडीत जमिनी आणि गावोगावचे 'ई-क्लास'. हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही. ई-क्लास म्हणजे सरकारी गुरचरण, गावाच्या जनावरांना चरायला ठेवलेली जमीन. गावातली गुरं कमी झाली, ई-क्लासवर कुठे अतिक्रमण, कुठे काटेरी झुडपं. दिवसा रोह्यांचा मुक्काम तिथे, रात्री जेवण आपल्या तुरीत. त्याला खाणारा वाघ मेळघाटात आहे. माळावरचा लांडगा आता क्वचितच दिसतो. मादीला साधारण आठ महिन्यांत पिल्लं होतात आणि जुळी होणं अगदी नेहमीचं.

मग करायचं काय? इथे एक मजा आहे. सरकारी जमिनीवर मोकाट फिरणारं, घोड्यासारखं दिसणारं जनावर, शेजारी वैतागलेला शेतकरी, मारा म्हणणारे एका बाजूला, हात लावू नका म्हणणारे दुसऱ्या बाजूला. हाच सीन अमेरिकेत पन्नास वर्षं चालू आहे, फक्त तिथे खरेच घोडे आहेत.

तिथल्या पश्चिमेकडच्या राज्यांत सरकारी माळांवर रानघोडे फिरतात. पूर्वी लोक ते पकडून कत्तलखान्यात पाठवायचे. नेवाडातल्या वेल्मा जॉन्स्टन नावाच्या बाईंनी त्याविरुद्ध मोहीम चालवली, शाळेतल्या पोरांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि 1971 मध्ये घोड्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. कायदा चांगला होता. पण घोड्यांची संख्या वर्षाला 15 ते 20 टक्क्यांनी वाढते, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. तिथल्या सरकारच्या हिशेबाने त्या जमिनीला झेपतील असे घोडे आणि गाढवं मिळून साधारण 25 हजार. 2025 चा अंदाज होता 73 हजारांच्या आसपास. मग हेलिकॉप्टरने कळप हाकलायचे, नरसाळ्यासारख्या कुंपणात आणायचे (शेवटच्या टप्प्यात एक शिकवलेला पाळीव घोडा पुढे पळतो आणि बाकीचे त्याच्या मागे आत जातात, बिचारे) आणि सरकारी गोठ्यांत ठेवायचे. असे 60 हजारांच्या वर घोडे आज गोठ्यांत चारा खात उभे आहेत आणि या कार्यक्रमाचा निम्म्याहून जास्त पैसा त्या चाऱ्यातच जातो. 2013 मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सांगितलं की घोडे उचलून नेल्याने उलट वाढीचा वेग टिकून राहतो, कारण मागे राहिलेल्यांना गवत जास्त मिळतं.

हेलिकॉप्टर ऐकून हसू आलं? आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात हे होऊन गेलंय. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाजापूर भागात दक्षिण आफ्रिकेच्या तज्ज्ञांच्या मदतीने, हेलिकॉप्टर आणि 'बोमा' नावाच्या नरसाळी कुंपणाने काळवीट आणि रोही मिळून सुमारे 900 जनावरं पकडली आणि अभयारण्यांत नेऊन सोडली. त्यातही बहुतेक काळवीट, रोही थोडेच. काम बेशुद्ध न करता झालं, वाहवा झाली. पण खर्चाचं गणित मनात करून पाहा आणि मग वऱ्हाडातल्या एकेका तालुक्याला हेलिकॉप्टर मागा.

दुसरा मार्ग गोळीचा. तो आपल्याकडे कागदावर आहेच. 2015 च्या शासन निर्णयाने पिकांचं नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकराच्या पारधीला वनखात्याकडून परवानगी मिळू शकते. आता सांगा, तुमच्या गावात बंदूक कोणाकडे आहे? आणि असली तरी रात्री तुरीत उभ्या रोह्यावर चालवणार कोण? बिहारने बाहेरून नेमबाज बोलावले. जून 2016 मध्ये मोकामाच्या भागात काही दिवसांत दोनशेच्या वर रोही मारले गेले आणि दिल्लीत केंद्रातल्या दोन मंत्र्यांचीच जुंपली. परवानगी देणारे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर एका बाजूला, मेनका गांधी दुसऱ्या बाजूला. आठवडाभर टीव्हीवर धुरळा उडाला.

तिसरा मार्ग लसीचा, आणि मला सगळ्यात इंटरेस्टिंग हाच वाटतो. स्त्रीबीजाभोवती एक पातळ पारदर्शक आवरण असतं. शुक्राणूला आधी त्या आवरणाला चिकटावं लागतं. डुकरिणीच्या स्त्रीबीजावरचं हे आवरण घेऊन एक लस बनवतात, नाव पीझेडपी. ती घोडीला टोचली की तिचं शरीर या आवरणाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, त्या तिच्या स्वतःच्या स्त्रीबीजाला जाऊन चिकटतात आणि शुक्राणूला जागाच मिळत नाही. तिचं वागणं, कळपातली जागा, माजावर येणं, सगळं चालू राहतं, फक्त शिंगरू होत नाही. लस लांबून डार्टने मारता येते, पकडायची गरज नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असाटीग नावाचं बेट आहे. तिथे 1994 पासून घोड्यांना ही लस देत गेले आणि 170 च्या पुढे गेलेली संख्या एकही गोळी न झाडता, एकही घोडा न हलवता शंभराच्या खाली आली.

यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ लशीबद्दल नाहीच. असाटीगवर प्रत्येक घोडीची नोंद आहे. अंगावरचे पट्टे, डाग, आई कोण, लस कधी दिली, पिल्लं किती. पहिल्यांदा दोन डोस, नंतर वेळोवेळी बूस्टर. वही नसेल तर लस म्हणजे अंधारात मारलेला दगड.

आपल्याकडे वही आहे का? बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजतात. तुमच्यापैकी काहींनी त्यासाठी नाव नोंदवलं असेल, फोटो तर इन्स्टावर टाकला असेलच. ती मोजणी जंगलातली. भांडण ज्या रोह्यावरून आहे तो जंगलात नाही, तो ई-क्लासवर आहे. तुमच्या गावच्या शिवारात रोही किती, हे विचारा. सरपंच म्हणेल शंभर, पाटील म्हणेल पाचशे, तुमचे आबाजी म्हणतील "लय झाले बाप्पा". आकडा कोणाकडेच नाही, पण मत प्रत्येकाकडे आहे.

एक साधं गणित मांडू. समजा एका शिवारात 20 रोही आहेत, त्यात 12 माद्या. आठ व्यायल्या, 12 पिल्लं झाली, निम्मी जगली. पुढच्या वर्षी 26. याच वेगाने तिसऱ्या वर्षाच्या शेवटी 44. आता 12 पैकी आठ माद्यांना लस दिली तर वाढ बरीच मंदावते. पण आजचे 20 तर राहणारच, ते आज रात्री हरभऱ्यात येणारच! लस उद्याचे रोही कमी करते, आजचे नाही. म्हणून जो कोणी "लस आली की प्रश्न मिटला" म्हणतो, त्याने एकदा जागलीला जाऊन यावं. तोवर कुंपण लागणारच. लस घ्यायला रोही शांत उभाही राहणार नाही. असाटीगचा घोडा पर्यटकाच्या गाडीपर्यंत येतो, आपला रोही माणूस दिसला की नाला पार करतो. आणि बेटाला चारी बाजूंनी पाणी आहे, आपल्या शिवाराला फक्त धुरा. शेजारच्या गावचे रोही येऊन मिळाले तर हिशेब बदलला.

तरी आपल्या देशात हा विषय कल्पनेतला राहिलेला नाही. हत्ती, रोही, रानडुक्कर आणि माकड या चारांसाठी गर्भनिरोधक लशीचं संशोधन केंद्राने देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे सोपवलं आहे. जुन्नर भागातल्या पाच मादी बिबट्यांवर असा प्रयोग करायला 2025 मध्ये केंद्राने परवानगी दिली. हिमाचलने 2007 पासून शस्त्रक्रियेने दीड लाखाच्या वर माकडांची नसबंदी केली. आपल्या अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत विद्यापीठाचा कॅम्पसच पोहरा-मालखेडच्या जंगलाला लागून आहे. एखाद्या तालुक्याची पाच वर्षांची वही ठेवायला यापेक्षा चांगली जागा विदर्भात कुठे सापडेल?

कारण काहीच न करण्याचा जो चौथा मार्ग आहे, तो सगळ्यात क्रूर आहे आणि सध्या तोच चालू आहे. वैतागलेला माणूस वावराच्या तारेत थेट लाइनचा करंट सोडतो. त्यात रोही मरतो, रानडुक्कर मरतं, कधी बिबट, कधी रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी, कधी स्वतः तोच. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, आणि एक घर तुरुंगात, एक घर सुतकात. ज्याच्या मनात कोणाला मारायचं नव्हतं त्याच्या हातून हे होतं. झटका मशीन वेगळं. सोलरवर चालणारं हे यंत्र क्षणभराचा झटका देतं, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. वनखात्याच्या योजनेतून सौर कुंपणाला अनुदानही मिळतं. घरी कोणी तारेत करंट सोडायच्या गोष्टी करत असेल तर हा फरक तुम्हीच समजावू शकता, अर्ज ऑनलाइन भरायचं कामही शेवटी तुमच्याकडेच येतं. नुकसान झालं तर लगेच अर्ज आणि पंचनामा, वनविभागाची हेल्पलाइन 1926.

आणि मोजायचं असेल तर रोह्याची एक सवय फार कामाची आहे. तो लेंड्या रोज ठरलेल्या जागीच टाकतो, ढीग साचतो, दुरून ओळखू येतो. एनएसएसच्या कॅम्पला गाव दत्तक घेता ना? सकाळी सहाला चार जणांनी ई-क्लासवर ठरलेल्या वाटेने चालायचं, ढीग मोबाइलच्या नकाशावर नोंदवायचे, दिसलेले नर, माद्या, पिल्लं वेगवेगळी लिहायची. महिन्यातून एकदा, तीच वाट, तीच वेळ. कळपात जायचं नाही, पाठलाग तर अजिबात नाही. पिल्लांचा रकाना नीट भरा. पुढच्या वर्षी रोही वाढणार की थांबणार, ते त्याच रकान्यात आधी दिसतं.