जांभळा रंग उतरेपर्यंत

सकाळी ८.५०
पुण्यातली एक छोटी प्रयोगशाळा. ताई अ‍ॅप्रन चढवते आणि आधी वॉटरबाथ सुरू करते. मोहरीचा मध बरणीत तुपासारखा थिजलाय. त्यात ग्लुकोज जास्त, म्हणून लवकर रवा धरतो. पाणी चाळीस अंशांवर, त्याहून वर नाही.

९.३०
आज सहा नमुने. महाबळेश्वरकडचे जांभूळ आणि हिरडा, दोन्ही सातेरी माश्यांच्या पेट्यांतले. शिवाय मोहरी, सूर्यफूल, निलगिरी, लिची. फुलाचं नाव मधपाळानं चिकटपट्टीवर लिहिलंय. ते खरं का, हे परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळतं. ते काम शेजारच्या टेबलावर.

प्रत्येकी एक ग्रॅम तोलायचा. मध चमचा सोडत नाही. नेमका ग्रॅम पडतच नाही. जो पडला तो आकडा वहीत.

११.००
फोलिनचं पिवळं द्रावण, मग सोडा. नळ्या हळूहळू निळ्या होतात. फिनॉलिक द्रव्यं जास्त, तर निळा गडद. पण साखरही थोडी फसवते, म्हणून नुसत्या साखरेच्या पाकाची एक नळी सोबत. बाजारात ज्याला भेसळ म्हणतात, तोच पाक इथे तपासनीस. दोन तास थांबायचं.

१.१५
डबा. पोळी, गवार. पगार महिना १८,०००, कंत्राट अकरा महिन्यांचं. पिपेटच्या टिपा ती धुऊन पुन्हा वापरते. “मॅडम ओरडतात. पण नवं पाकीट मागितलं तरी ओरडतातच.”

२.००
आता अँटिऑक्सिडंट ताकद मोजणारं डीपीपीएच. ग्रॅमभराच्या बाटलीला हजारांत पैसे पडतात, आणि मिथेनॉलमधलं द्रावण रोज ताजं लागतं. गर्द जांभळं. मध मिसळून नळ्या फॉइलमध्ये गुंडाळायच्या, ३० मिनिटं अंधारात. मग काचेची क्युव्हेट यंत्रात, ५१७ नॅनोमीटर.

जांभळाच्या मधानं रंग उतरवून पिवळा केलाय. हिरडा मागोमाग. लिची आणि मोहरीच्या नळ्या अजून जांभळ्याच. गडद मध बहुधा पुढे असतो. पण रंगावर पैज लावू नये. “तापवलेला मधपण काळा होतो, आणि इथं गुण वाढवून घेतो,” ताई सांगते. म्हणून तापवल्यानं वाढणारं एचएमएफही बघायचं. किलोला ८० मिलिग्रॅमच्या वर गेलं की मध बाद.

४.३०
धुणं. प्रत्येक नळी तीनदा, शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं. मिथेनॉल वेगळ्या कॅनमध्ये. बोटं कोरडी पडतात.

एका व्यापाऱ्याचा फोन: लेबलवर ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ छापू का? मॅडम म्हणतात, “हा आकडा नळीतला आहे, पोटातला नाही.” तो छापणारच, असं मला वाटतं.

५.४०
जांभळाचा मधपाळ फोनवर. “ताई, आपला मध पास झाला का?”
“काका, या चाचणीत पास-नापास नसतं. पण सहांत तुमचाच पुढं.”
“मंग भाव वाढंल?”
“ते खरेदीवाल्याला विचारा.”
“त्यो म्हणतो, रिपोर्ट आण. रिपोर्टची फी कोण भरणार?”
फी व्यापाऱ्यानं भरलीय. रिपोर्टही त्यालाच जाणार. ताई काकांना तसं सांगते आणि रजिस्टरवर सही करते.