आधी जातो तो विवेक

मे २०१९ मध्ये मुंबईच्या २३ वर्षांच्या वैमानिक आरोही पंडित हलक्या विमानातून एकट्याच स्कॉटलंडहून निघाल्या आणि आइसलँड, ग्रीनलंडमार्गे अटलांटिक ओलांडून कॅनडात उतरल्या. अशा प्रवासाआधी इंधन, हवामान, नकाशे तपासले जातातच. शरीराचा हिशेबही तितकाच बारकाईने मांडावा लागतो.

ग्रीनलंडचा बर्फ काही ठिकाणी ३,००० मीटरहून उंच आहे. आपले वर्धा जेमतेम अडीचशे मीटरवर. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के उरतो, आणि छोट्या विमानात दाब राखणारी केबिन नसते. प्राणवायू कमी पडला की आधी दम लागेल, असे आपल्याला वाटते. पण पुष्कळदा आधी जातो तो विवेक. साध्या बेरजा चुकतात आणि माणसाला उलट छान, हलके वाटू लागते. दारू चढलेला माणूस कधी कबूल करतो का? म्हणून किती उंच जायचे आणि कुठून परत फिरायचे, हे जमिनीवरच ठरवून लिहून ठेवतात.

थंडीत हीटर लावला आणि इंजिनाचा धूर आत झिरपला, तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. डोके दुखू लागले की हीटर बंद करायचा, बाहेरची हवा आत घ्यायची आणि जवळची धावपट्टी गाठायची.