गोळी कोलेस्टेरॉलची, घाम कशाचा?

अंबाडीच्या वस्तीत वंदनेनंतर एका काकांनी आम्हाला विचारले, "कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली न् अंगाला घामाच्या धारा. बंद करू का?" आम्ही म्हटले, काका, थांबा.

ॲटोरव्हास्टॅटिनने घाम वाढल्याच्या तक्रारी क्वचित नोंदल्या आहेत. अंगदुखी त्याहून जास्त. पण थायरॉईड, पाळी जाण्याचा काळ, दुसरी औषधे यांनीही घाम सुटतो. आपला दमट उकाडा तर आहेच! मधुमेहाचे औषध घेणाऱ्याला घामासोबत थरथर, भोवळ आली तर साखर उतरलेली असू शकते. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी.

छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ आणि थंड घाम आला, तर 'गॅस झाला असेल' म्हणत बसू नये. 108 ला फोन करावा. हृदयाचा झटका टळावा म्हणूनच तर ही गोळी देतात. मनानेच बंद केली तर धोका वाढतो.

काकांना सांगितले, घाम कधी येतो ते वहीत लिहा, सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करता येतो, गोळीही बदलता येते. मात्र अंग खूप दुखून लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.