ढोली गेली, छप्पर आले

भोपाळचे महाराणा प्रताप नगर म्हणजे कोचिंग क्लास, बँका आणि कार्यालये. पण त्याच्या शेजारीच शिवाजीनगर आणि तुलसीनगर या जुन्या सरकारी वसाहती आहेत. १९५६ मध्ये भोपाळ राजधानी झाल्यानंतर वसलेल्या या भागांत झाडे घरांच्या डोक्यावरून गेली आहेत. अशी जुनी झाडे आणि घरे एकमेकांना टेकून असली, की उदमांजराला हवे ते सगळे तिथे मिळते. मध्य भारतातल्या आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत ते पोटमाळ्यावर, कौलांखाली, फॉल्स सीलिंगच्या वर मुक्काम करते. घरच्यांना कळते ते मध्यरात्री, वर काहीतरी धावू लागले की.

मग भीती सुरू होते. उत्तरेकडे त्याला बिज्जू म्हणतात आणि ते कबरी उकरून प्रेते खाते, असे मानणारे आजही भेटतात. हा आळ फार जुना आणि साफ खोटा आहे. उदमांजराच्या नख्या मांजरासारख्या अर्ध्या आत ओढल्या जाणाऱ्या, फांदीवर पकड घेण्यासाठी घडलेल्या असतात. जमीन खणणे हे त्यांचे कामच नाही. दोन ते पाच किलोचा हा निशाचर प्राणी उंबर, जांभूळ, आंबा, चिकू यांवर जगतो; जोडीला उंदीर, किडे, पाली. घाबरला तर शेपटीखालच्या ग्रंथींतून उग्र वासाचा स्राव सोडतो, आणि तो वास मात्र खरोखर असह्य असतो.

दुसरी भीती अलीकडची. २००३ मध्ये सार्सचा विषाणू दक्षिण चीनच्या बाजारांतल्या उदमांजरांत सापडला आणि पुढच्या वर्षी तिथे हजारो जनावरे मारण्यात आली. ती जात वेगळी होती. विषाणूचे मूळ घर वटवाघळे असल्याचेही नंतर दिसून आले. तोवर बदनामी सगळ्या कुळाची झाली होती.

मुळात ते छपरात येतेच का? दिवसभर झोपायला आणि पिल्ले वाढवायला त्याला अंधारी, कोरडी, कुत्री पोहोचू शकणार नाहीत अशी उंच जागा लागते. जंगलात ही गरज झाडाची ढोली भागवते. ढोली तयार व्हायला फांदी मोडावी लागते, मग बुरशी आणि वाळवी आतले लाकूड पोखरत जातात. यात अनेक दशके जातात. रस्त्याकडेला कालपरवा लावलेल्या रोपाला ढोली कुठून असणार?

आणि हा प्राणी झाडांचे देणे फेडतही असतो. तो फळाचा गर पचवतो, बिया अखंड बाहेर टाकतो, त्याही झाडापासून दूर. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाच्या जंगलांत दिव्या मुदप्पा आणि सहकाऱ्यांनी तपकिरी उदमांजराच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात पन्नासहून अधिक जातींच्या वनस्पतींची फळे आढळली.

ऑस्ट्रेलियात छपरातली ही जागा पोसमची. झुपकेदार शेपटीचा हा पोसम उदमांजराचा दूरचाही नातेवाईक नाही. कांगारूसारखा पिशवीत पिल्लू वाढवणारा आहे. पण तोही निशाचर, झाडावरचा आणि ढोलीअभावी छपरात शिरणारा. तिथे त्याला कायद्याचे संरक्षण आहे. हाच पोसम फरसाठी न्यूझीलंडला नेण्यात आला आणि १८५८ पासून तिथे स्थिरावला. नैसर्गिक शत्रू नसल्याने तो बेसुमार वाढला, स्थानिक झाडे ओरबाडू लागला, पक्ष्यांची अंडी खाऊ लागला, गुरांत क्षयरोग पसरवू लागला. आता २०५० पर्यंत देशातून त्याचे उच्चाटन करण्याचे सरकारी उद्दिष्ट आहे. प्राणी तोच आहे, पण तो कुठे राहतो यावर त्याचा निवाडा ठरला, आणि दोन्हीकडचा निवाडा मला योग्य वाटतो. उदमांजर तर इथलेच आहे.

मेलबर्नच्या लोकांकडून एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. तिथे पकडलेला पोसम पन्नास मीटरच्या आतच सोडावा लागतो, कारण अनोळखी जागी नेऊन सोडलेले बहुतेक पोसम थोड्याच दिवसांत मरतात. शिवाय रिकाम्या झालेल्या छपरात दुसरा येतोच. म्हणून लोक झाडावर लाकडी खोका बांधतात आणि प्राणी रात्री बाहेर पडला की छपराचे भोक बुजवतात. उदमांजरासाठीही हेच करावे. आत पिल्ले असतील तर ती आईमागे हिंडू लागेपर्यंत काही आठवडे थांबावे. पिंजरा किंवा विष वापरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा ठरतो. अडचण आली तर वनविभागाला कळवावे.

जून २०२४ मध्ये आमदार आणि मंत्र्यांच्या नव्या घरांसाठी भोपाळच्या याच शिवाजीनगर–तुलसीनगरमधली सुमारे २९ हजार झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. रहिवासी, विशेषतः बायका, झाडांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. ती झाडे पडली असती, तर त्यांतल्या ढोल्याही गेल्या असत्या आणि त्यांत झोपणाऱ्यांना आसपासच्या छपरांखेरीज जागा उरली नसती.