हे चिलट नेमके कोणते?

पावसाळा आला की मोरीच्या जाळीवर, पिकल्या केळ्यांवर आणि कुंडीखालच्या ताटलीत बारीक माशा दिसू लागतात. आपण सगळ्यांना सरसकट ‘चिलटे’ म्हणतो आणि एकच औषध फवारतो. पण या माशा एका कुळातल्या नसतात. ओल्या, शेवाळलेल्या जागी वावरणाऱ्या कित्येक माशा ‘एफिड्रिडी’ कुळातल्या असतात. तळी, ओढे, मिठागरे यांचे काठ हे त्यांचे मूळ घर. जगात त्यांच्या सुमारे २,००० जाती ठाऊक आहेत.

ओळख का हवी?

या कुळातल्या ‘हायड्रेलिया’ प्रजातीचेच उदाहरण घ्या. तिच्यातली ‘फिलिपिना’ ही जाती भाताची शत्रू. तिची अळी उलगडणाऱ्या कोवळ्या पानाच्या कडा कुरतडते. तिचीच बहीण ‘पाकिस्ताने’ मात्र हायड्रिला या पाणवनस्पतीची पाने पोखरते. फ्लोरिडातले जलमार्ग हायड्रिलाने तुंबले, तेव्हा भारतातून नेलेली ही माशी १९८७ साली तेथे सोडण्यात आली. त्याआधी ती इतर वनस्पतींना धोका करणार नाही ना, याच्या चाचण्या झाल्या. एक पिकाचा नाश करणारी, दुसरी माणसाच्या उपयोगाची. आणि वरवर पाहता दोघी सारख्याच!

फोटो कसा घ्यावा?

एका फोटोवर विसंबू नका. वरून, बाजूने, समोरून आणि पंख स्पष्ट दिसेल असा, निदान चार फोटो हवेत. मोबाइलला लावायचे छोटे भिंग पुरते. सकाळच्या गारव्यात माशा मंदावतात. तीच वेळ साधा. शेजारी मोजपट्टी ठेवून आकार टिपा. जागा, तारीख आणि माशी कशावर बसली होती, हेही लिहून ठेवा.

काय पाहावे?

० पंख केसाळ, पानाच्या आकाराचे आणि छपरासारखे उतरते असतील, तर ती मोरीतली माशी.
० डोळे लालसर आणि वावर फळांभोवती असेल, तर बहुधा फळमाशी.
० पाय लांब, मिशा मण्यांच्या माळेसारख्या असतील, तर कुंडीतल्या कुजक्या मातीवर वाढणारी बुरशीमाशी.
० मिशा आखूड, चेहरा फुगीर आणि माशी ओल्या शेवाळावर तुरुतुरु धावत असेल, तर ती एफिड्रिडी कुळातली असण्याची शक्यता मोठी. राखी पंखांवर पांढुरके ठिपके असतील, तर ‘स्कॅटेला’. पुढच्या मांड्या नाकतोड्याच्या मागच्या पायांसारख्या जाडजूड असतील, तर इतर कीटकांची शिकार करणारी ‘ऑक्थेरा’.

फोटोची मर्यादा

चांगल्या फोटोवरून कूळ कळते, पुष्कळदा प्रजातीही. पण जाती ठरवायची तर अनेकदा नराच्या पोटाचे शेवटचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. म्हणून भातावरची माशी असेल, तर फोटोवर न थांबता नमुना कृषी महाविद्यालयातल्या कीटकशास्त्र विभागात दाखवावा.

घरात मात्र एवढी ओळख पुरे. फळमाशी असेल तर फळे झाका. मोरीतली असेल तर ब्रशने घासून नळीतला गाळ काढा. शेवाळावरची असेल तर ताटलीतले पाणी ओता, शेवाळ खरवडा आणि वरची माती सुकू द्या. ती चावत नाही. तिचे शेवाळ गेले की तीही जाते. औषधाचा खर्च वाचतो आणि मुलाबाळांच्या घरात विषारी फवारा मारावा लागत नाही.