भिंती सरळ हव्यात!

छायाचित्रणाची हौस असलेला नवरा घरात असणे म्हणजे काय, हे आमच्या सौ.ला विचारावे. जर्मनीत नोकरीला असलेल्या भाच्याने आपला वापरलेला लायका एम-९ मला देऊन टाकला, त्या दिवसापासून आमच्या घरी फोडणी जळू लागली, असे तिचे म्हणणे आहे.

हा कॅमेरा मुलखावेगळा. २००९ साली निघालेला, पोटात फिल्मऐवजी डिजिटल संवेदक. पण फोकसची रीत आजोबांच्या काळची. भिंगातून पाहायचे नाही, शेजारच्या खिडकीतून पाहायचे. मधोमध माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगावरचे कडे फिरवून त्या एकीवर एक बसल्या की फोकस झाला. ह्यालाच रेंजफाइंडर म्हणतात. भिंगावरचे झाकण तसेच राहिले तरी खिडकीतून जग लख्ख दिसत राहते. माझे किती फोटो असे काळोखात गेले, ते विचारू नका.

भाच्याने सोबत पन्नास मिलिमीटरचे भिंग दिले होते. त्याची उणीव मला किल्लारीत कळली.

किल्लारीला माझ्या आत्याबाई राहतात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-धाराशिवकडच्या माणसाला सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव झोपले होते. चारच्या सुमाराला जमीन हलली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे धाबे, उन्हाळ्यात ज्यांच्याखाली गार वाटे, तेच अंगावर आले. आत्याबाई वाचल्या. ढिगाऱ्यातून एक फोटो निघाला. त्यात सासूसासऱ्यांचे चेहरे आहेत, पण घर नाही. “घर कुठं आलंय ह्यात?” असे त्या अजूनही म्हणतात. मी ठरवले, ह्या वेळी माणसांसकट घर आले पाहिजे.

पुनर्वसनात एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना आणि भूमिहीनांना अडीचशे चौरस फुटांची घरे मिळाली. आत्याबाईंचे त्यांतलेच. दाराला पाठ टेकून उभे राहिले तरी समोरची भिंत आठ फुटांवर. आता हिशेब पाहा. आठ फुटांवरून पन्नासच्या भिंगात पावणेसहा फूट रुंदी मावते. पस्तीसच्या भिंगात आठ, अठ्ठावीसच्यात दहा आणि एकवीसच्यात पावणेचौदा. (विद्यार्थ्यांना मी ‘विशालकोन भिंग’ हा शब्द सुचवून पाहिला. ते ‘वाइड’ म्हणतात. आता मीही म्हणतो.) मात्र हे आकडे पूर्ण आकाराच्या संवेदकाचे. लायका एम-८ चा संवेदक लहान, म्हणून त्यावर अठ्ठावीसचे भिंग सदतिसासारखे वागते. २००४ च्या एप्सन आर-डी-१ वर तर त्रेचाळिसासारखे. भिंग घेण्याआधी हे विचारून घ्यावे.

मी हावरेपणा केला आणि एका स्नेह्याचे एकवीसचे भिंग मागून नेले. एकवीसची चौकट ह्या कॅमेऱ्याच्या खिडकीत मावतच नाही. वर वेगळी काचेची खिडकी बसवावी लागते. फोकस एकीतून, चौकट दुसरीतून! कडेला उभी असलेली धाकटी सून फोटोत दुप्पट रुंद झाली, आणि ती रुसली. रुंद भिंगात कडेचा माणूस ताणला जातो. शेजारच्या खिडकीत हे आधी दिसत नाही, फोटो पडद्यावर आल्यावर कळते.

पण खरी चूक पुढची. छतही यावे म्हणून मी कॅमेरा जरासा वर उचलला. आत्याबाईंना पडदा दाखवला, तर त्यांचा चेहरा उतरला.

“अरं, भिंती पडायल्यात की!”

दोन्ही भिंती आत झुकल्या होत्या. रुंद भिंगाचा कॅमेरा तिरपा झाला की उभ्या रेषा एकमेकींकडे कलतात. पुस्तकात ह्याला नुसता दोष म्हणतात. मी घाईने पडदा बंद केला. नंतर कितीतरी वेळ कोणी बोलले नाही.

पुढच्या खेपेला अठ्ठावीसचे भिंग घेऊन गेलो. (किंमत सांगत नाही, सौ. हा अंक वाचते.) त्याची चौकट खिडकीत दिसते, पण अगदी काठाशी, माझ्यासारख्या चष्मेवाल्याला डोळा फिरवून कोपरे चाचपावे लागतात. म्हणून कडेला थोडी मोकळी जागा सोडली आणि माणसे मध्ये घेतली. सकाळी दार उघडून उजेड आत आणला. छिद्र चारवर, फोकस आठ फुटांवर. म्हणजे सहा ते बारा फुटांतले सगळे ठीक येते. आणि मुख्य म्हणजे गुडघे वाकवून कॅमेरा माणसांच्या छातीच्या उंचीला आणला, समोरच्या दाराच्या चौकटीशी जुळवून अगदी सपाट धरला. छत थोडे कमी आले. येऊ दे.

छापलेला फोटो आत्याबाईंनी उजेडात नेला. माणसांकडे नाही, आधी भिंतींकडे पाहिले. बोटाने वरपासून खालपर्यंत रेघ ओढली.

“आता सरळ हायत्या.”

फोटो त्याच खोलीत लावला आहे. खिळा मात्र त्यांनी मला हळू ठोकायला लावला, आणि ठोकून होईपर्यंत भिंतीवर हात ठेवून उभ्या होत्या.